आजाराची धास्ती आणि मोबाइलवरचे निदान

शरीरात फारसे काही बिघडलेले नसताना आपल्याला मोठा आजार जडला आहे, या भीतीने माणूस महिनोन्महिने पछाडलेला राहतो, त्या अवस्थेला मानसशास्त्रात आरोग्य-चिंता म्हणतात. पूर्वी तिचे नाव हायपोकाँड्रियासिस होते. ते पुढे पुढे हिणवण्यासाठीच वापरले जाऊ लागले. 2013 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा हे नाव वगळून ‘इलनेस अँक्झायटी डिसऑर्डर’ हे नवे निदान आणले. लक्षणे नाहीत किंवा अगदी सौम्य आहेत, पण धास्ती किमान सहा महिने सुटत नाही, अशी त्याची ढोबळ व्याख्या. धास्ती जुनीच, तिला अपरात्रीही खाद्य पुरवणारा मोबाइल तेवढा नवा.

पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या हार्बर लोकलला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. समजा, पंचविशीतल्या एखाद्या नोकरदाराची डावी पापणी तीन दिवस फडफडते आहे. आजीच्या काळी डोळा लवला की शकुन-अपशकुन बघत आणि विषय तिथेच संपे. आता ते मोबाइलवर टाइप केले जाते. अपुरी झोप, जास्तीचा चहा, ताण, तासन्‌तास स्क्रीन ही कारणे पहिल्याच पानावर असतात आणि बहुतेक वेळा तीच खरी असतात. पण एवढ्याने समाधान होत नाही, बोट खाली सरकत राहते. वाशीपर्यंत ‘स्नायू फडफडणे’ वाचून होते, मानखुर्दला ‘एएलएस’ हे नाव भेटते आणि कुर्ल्याला उतरताना गडी स्वतःचे दंड चाचपत असतो. एएलएस हा स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारणारा आजार. तो वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो, पंचविशीत तर त्याहून विरळा, आणि त्याची सुरुवात सहसा पापणीपासून नव्हे, तर हातापायांतली ताकद जाण्यापासून होते. यातले बरेचसे त्याच पानावर लिहिलेले असते. घाबरलेल्या डोळ्यांना ते दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टचे संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी 2008 साली नेमक्या याच घसरणीचा अभ्यास केला. साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध गंभीर, दुर्मीळ आजारांकडे कसा चढत जातो, हे त्यांनी लोकांच्या शोधनोंदींवरून दाखवले. डोकेदुखीच्या संदर्भात ब्रेन ट्यूमरचा उल्लेख वेबपानांवर इतका सर्रास येतो, की वर्षभरात दहा हजारांत एकालाही न होणारा हा आजार नेहमीचा वाटू लागतो. आजारांची नावे इंटरनेटवर भरपूर मिळतात. समोरच्या माणसाला त्यातला कोणता होण्याची शक्यता किती, हे मात्र त्या यादीवरून कळत नाही. ही शक्यता वय, व्यवसाय, घराण्यातले आजार, सध्याची साथ यांवर ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये पनवेलच्या डॉक्टरसमोर तापाचा रुग्ण बसला की त्यांच्या मनात आधी मलेरिया आणि डेंग्यू येतात, रक्ताचा कर्करोग नाही.

1872 पासून ‘धूतपापेश्वर’ कंपनीची आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या पनवेलला वैद्यकीची ओळख नवी नाही. आयुर्वेदाने रोगपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आधुनिक डॉक्टरही वेगळे काही करत नाही. मोबाइलवरच्या निदानात बघणे नाही, हात लावून तपासणे नाही. उरतो तो प्रश्न, आणि तोही विचारतो कोण, तर ज्याची गाळण उडाली आहे तोच. ‘छातीत दुखते’ आणि ‘छातीत दुखणे हार्ट ॲटॅक आहे का’ या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी येत नाहीत.

शिवाय भीती स्वतःच लक्षणे तयार करते. ॲड्रेनालीन वाढते, ठोके जलद होतात, छाती आवळल्यासारखी वाटते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मग मुंग्यांचा शोध सुरू होतो.

नवी भर पडली आहे ती रक्ततपासणीच्या पॅकेजची. सकाळी घरी येऊन सॅम्पल नेतात, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि ठळक अक्षरांतल्या आकड्यावर नजर खिळते. चाचणीची ‘नॉर्मल रेंज’ साधारणपणे निरोगी लोकांतल्या मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे निरोगी माणसांतही विसात एकाचा आकडा रेंजबाहेर असणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही किमान एक आकडा ठळक होण्याची शक्यता सुमारे 64 टक्के निघते. साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजचे काय होत असेल, ते सांगायला नको.

या भीतीचे सामूहिक रूप महाराष्ट्राने कोविडमध्ये पाहिले. ताप येताच लोक छातीच्या एचआरसीटी स्कॅनसाठी रांगा लावू लागले आणि 25 पैकी ‘स्कोअर किती आला’ हे दहावीच्या टक्क्यांसारखे विचारले जाऊ लागले. राज्य सरकारला सप्टेंबर 2020 मध्ये या तपासणीचे दर बांधून द्यावे लागले. मे 2021 मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी सौम्य कोविडमध्ये सीटी स्कॅन टाळा, असे जाहीरपणे सांगितले.

उलट बाजूही तितकीच खरी. छातीतल्या जळजळीला ‘ॲसिडिटी’ ठरवून घरगुती उपाय शोधत बसणारेही आहेत, आणि त्यांची चूक अधिक महागात पडते. घाम फुटून छातीत दुखणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, असे काही झाले तर काहीही न शोधता 108 ला फोन करायचा असतो.

ही धास्ती म्हणजे चोचले, असा घरोघरी समज असतो. स्वीडनमधल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो खोडून काढला. हायपोकाँड्रियासिसचे निदान झालेल्या 4,129 जणांची तुलना इतरांशी केली, तेव्हा हे लोक सरासरी पाच वर्षे लवकर दगावले होते आणि त्यांच्यातले आत्महत्येचे प्रमाण सुमारे चौपट होते. आजाराला भिणारे सगळेच डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवत नाहीत. काही जण निदान होईल म्हणून तपासणीच टाळतात.

‘तुम्हाला काही झालेले नाही’ या आश्वासनाचा असर टिकत का नाही, याचे उत्तर पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी 1986 मध्येच दिले होते. दर आश्वासनाने तात्पुरता दिलासा मिळतो, म्हणून ते पुन्हा मागावेसे वाटते आणि मागण्याची सवय भीतीला जिवंत ठेवते. बायकोला दहादा विचारणे, रिपोर्ट तीन डॉक्टरांना दाखवणे, गूगल करणे, हल्ली एआयशी रात्रभर बोलणे, सगळे एकाच जातीचे. एआय तर कंटाळतही नाही. त्यामुळे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत रुग्णाला आणखी दिलासा देत बसत नाहीत. शोध घेणे आणि अंग चाचपणे हळूहळू कमी करायला, अनिश्चितता सोसायला शिकवतात. गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ नैराश्यावर वापरतात तीच एसएसआरआय गटाची औषधे देतात. कामोठ्याच्या एमजीएमसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. केंद्र सरकारची ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.