इंग्रजीच्या तासाआधी मराठी

आठवीच्या वर्गात सराव पाठ चालू होता. बी.एड.ची छात्राध्यापिका फळ्यापाशी, मी निरीक्षणवही घेऊन शेवटच्या बाकावर. घटक ‘हॅव’ आणि ‘हॅज’. घरात कोण कोण आहे ते इंग्रजीत सांग म्हटल्यावर एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘टू मी टू ब्रदर्स आर.’ वर्ग खदाखदा हसला. तिनं बरोबर वाक्य फळ्यावर लिहिलं, सगळ्यांकडून तीनदा वदवून घेतलं आणि टाचणातल्या पुढच्या मुद्द्यावर गेली.

पाठ तसा चोख होता. अक्षर सुरेख, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा, तक्ता वेळेवर टांगलेला. तरी तो मुलगा नक्की कुठे अडला, हे तिनं त्याला विचारलं नाही. विचारायला हवं, असं तिला कुणी शिकवलंही नव्हतं.

त्याचं डोकं अगदी व्यवस्थित चाललं होतं. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य त्यानं शब्दाशब्दानं पलीकडे नेलं. मराठीत ‘हॅव’ला एक असं क्रियापदच नाही. मला भाऊ आहेत, माझ्याकडे सायकल आहे, टेबलाला चार पाय आहेत. क्रियापद सगळीकडे ‘असणे’; भाऊ, सायकल आणि पाय यांच्याशी असलेलं नातं वेगवेगळं, ते दाखवायचं काम ‘ला’ आणि ‘कडे’ करतात. इंग्रजीला हा भेद नको असतो. भाऊ असो की सायकल, ती सरसकट ‘हॅव’ म्हणते. हे मुलांना फळ्यावर दाखवायला पाच मिनिटं लागतात, पण आधी शिक्षकाला ते दिसलेलं असावं लागतं.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. सुरुवातीला सूक्ष्म पाठ असतात. पाच-सहा मिनिटं, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच मित्र, एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, फलकलेखन, उद्दीपक बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष टिकवणं). मग उणीदुणी ऐकायची आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला निघालेली ही पद्धत. मग ही कौशल्यं एकत्र जोडणारे सेतुपाठ, सराव पाठ, आंतरवासिता (इंटर्नशिप). याची टिंगल करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. पहिल्यांदा वर्गापुढे उभं राहताना पाय लटपटतात, ते यानेच थांबतात. फक्त इंग्रजीची मेथड घेतलेल्याला मराठीचं व्याकरण कशाला, हा समज या सगळ्यात तसाच राहून जातो.

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. म्हणजे मूल लिहायला शिकतंय ‘कमळ’ आणि कानावर पडतंय ‘कॅट’. तिथे शिक्षकाला दोन्ही भाषांच्या खाचाखोचा माहीत नसतील, तर मुलाची प्रत्येक अडचण ‘कच्चा आहे’ या एका शेऱ्यात जमा होते.

‘अ’ आणि ‘द’चंच घ्या. मराठीत उपपदं नाहीत, म्हणून ती पाठ करा, असं आम्हाला सांगितलेलं. पण ‘तो डॉक्टर शोधतोय’ आणि ‘तो डॉक्टरला शोधतोय’ यांतला फरक पहिलीतल्या पोरालाही कळतो. पहिल्यात कुठलाही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरलेला एकच. इथे ‘अ’ आणि ‘द’ मुलाच्या ओठांवर आधीच आहेत, ‘ला’च्या रूपात. निर्जीव वस्तूंना ही युक्ती लागू पडत नाही (चमचा हरवला तरी आपण ‘चमचाच’ शोधतो), पण दार उघडायला तेवढी पुरते.

उच्चारांचंही असंच. ‘एसटी’ची ‘यष्टी’ होते ते अडाणीपणानं नव्हे. शब्दाच्या तोंडी ‘ए’ आला की आपल्याकडच्या कित्येक बोलींत त्याला ‘य’ चिकटतो. यष्टीच्या वेळापत्रकावरून आठवलं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत एक प्रयोग केला, ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर गाजलेला. व्याकरणाचा धडा बाजूला, मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं आणि त्यावरचं कोडं इंग्रजीतून सोडवायला लावायचं. लक्ष कोड्यात गुंतलं की भाषा आपसूक येते, हा त्यामागचा विश्वास. आपल्या तालुक्याच्या स्टँडवरचा फलक लिहून आणला की एका तासाचं साहित्य तयार. खर्च शून्य.

कवितेची तयारी मात्र वेगळी. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सवरची कविता शिकवायची म्हटलं की छात्राध्यापक फुलाचं रंगीत चित्र, कवीचं चरित्र आणि अलंकारांची यादी घेऊन येतात. कवीचा त्याच नावाचा नातू मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य होता, एवढं एक सांगा. मुलांच्या ते लक्षात राहतं. बाकी चरित्र घरीच ठेवलं तरी चालेल. कविता आदल्या रात्री चार-पाचदा मोठ्यानं वाचावी, श्वास कुठे घ्यायचा ते कळेपर्यंत. आणि एक प्रश्न तयार ठेवावा: एकदा पाहिलं आणि मग डोळे मिटल्यावर पुन्हा दिसत राहिलं, असं काय आहे तुमच्याकडे? साताऱ्याकडचं मूल कासच्या पठाराचं नाव घेईल. मला एकीनं आजोळच्या जत्रेतला पाळणा सांगितला होता. त्यानंतर कवितेचं फारसं काही समजावून द्यावं लागलं नाही.

कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट ही परीक्षा. दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न, दोनशे गुण, चारातला एक पर्याय निवडायचा. कुठलं पुस्तक कुठल्या साली आलं, हे त्यासाठी तोंडपाठ होतं. ‘लिअर’ वर्गात उभा करायला ते पुरत नाही. मर्ढेकर, विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, नेमाडे हे सगळे मराठी लेखक इंग्रजीचे मास्तर, हा योगायोग मला कधीच वाटला नाही. विंदांचा ‘राजा लिअर’ मूळ नाटकाशेजारी उघडून बसावं. एखादी ओळ मराठीत आणताना त्यांना कुठे वळसा घ्यावा लागला, तिथेच आपले विद्यार्थीही अडखळणार असतात. टाचण तिथून सुरू करावं.

त्या छात्राध्यापिकेनं आठवड्यानं तोच घटक पुन्हा घेतला. या वेळी फळ्यावर आधी तीन मराठी वाक्यं: भाऊ, सायकल, टेबल. मग ‘हॅव’. वर्गानं माना डोलावल्या. तोच मुलगा पुन्हा उठला. ‘मॅडम, मग मला भूक लागलीय, तर भूक पण हॅव का?’ हे टाचणात नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी वहीत पाहिलं, आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.