डाव्या डोळ्याचा हिशेब

समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डाव्या डोळ्याला फुटल्यासारखे दिसू लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाहुली मोठी करून त्यांनी पाहिले आणि विचारले, "तुम्ही काम कुठे करत होता?" बावीस वर्षे कॅथलॅबमध्ये, तंत्रज्ञ म्हणून. मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या अंगाला, मधोमध धरला होता. या जागी तो मधुमेहाने, स्टेरॉइडने आणि क्ष-किरणांनीही धरतो. पहिली दोन कारणे मला लागू नाहीत. तरी दोष किरणांचाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण भिंगाची रचना कळल्यावर शंका बळावते. भिंगाच्या पुढच्या पातळ थरातल्या पेशी जन्मभर विभागत राहतात आणि कडेला सरकून त्यांचे पारदर्शक तंतू होतात. किरणांनी बिघडलेल्या पेशीचा तंतू नीट बनत नाही. ती घसरत मागच्या टोकाशी जाऊन साचते. कातडी मेलेल्या पेशी टाकून देते. भिंगाला बाहेर टाकायला वाटच नाही.

हे किरण थेट नळीतून आमच्याकडे येत नसत. रुग्णाच्या अंगावर आपटून ते विखुरतात. अँजिओप्लास्टी करणारे रुग्णाच्या उजवीकडे उभे राहतात, नळी त्यांच्या डाव्या हाताला येते. म्हणून डाव्या डोळ्याला वाटा जास्त. लॅटिन अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांचे डोळे तपासून २०१० साली आकडे प्रसिद्ध झाले: भिंगात मागे डाग ३८ टक्क्यांना, किरणांशी संबंध नसलेल्यांत १२ टक्क्यांना. परिचारिका आणि तंत्रज्ञांत २१. त्यांतल्या अनेकांची दृष्टी अजून शाबूत होती, हेही सांगायला हवे. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने डोळ्याची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणली. कुठल्याही एका वर्षी ५० च्या वर नाही.

मर्यादा खाली आली, पण मोजायचे कशाने? आमचा टीएलडी बिल्ला शिशाच्या एप्रनच्या आत, छातीशी. त्याचा अहवाल नेहमी निर्मळ यायचा. एप्रनच्या आतली छाती सुरक्षित आहे, एवढेच तो सांगत होता. डोळा एप्रनच्या बाहेर होता. डोळ्याची मात्रा मोजायची तर मोजणी डाव्या डोळ्याजवळच हवी.

शिशाच्या काचेचा चष्मा होता, जड, नाकावर वळ उठवणारा. नजर पडद्याकडे वळलेली असल्याने किरण गाल आणि काच यांच्या फटीतून, खालून-डावीकडून आत शिरतात. म्हणून बाजू झाकणारा, गालाला चिकटून बसणारा चष्मा लागतो. त्याहून मोलाची छताला टांगलेली शिशाच्या काचेची ढाल. मात्र ती रुग्णाच्या अंगाला जवळजवळ टेकवावी लागते. आमच्याकडे ती बहुधा कोपऱ्यात ढकललेली असे. हात अडतो म्हणायचे. मीच कितीदा ढकलली आहे.

शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे. परवा जुन्या विभागात गेलो होतो. नवा मुलगा ढाल पुढे ओढत होता. डॉक्टर जरा वैतागले, पण त्यांनी ती राहू दिली.