ऑलिव्हर कान : सदुसष्टावं मिनिट

गोलखांबांमधली माणसं : लेखांक ७

२७ मे २००८. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर लाखाहून जास्त माणसं जमली होती. सामना मोहन बागान विरुद्ध बायर्न म्युनिक, आणि गर्दी लोटली होती ती एका पाहुण्या गोलरक्षकासाठी. बायर्नचा खेळाडू म्हणून ऑलिव्हर कानचा तो शेवटचा सामना. चौदा मोसम आणि आठ जर्मन लीग विजेतेपदं गाठीशी बांधून हा माणूस निरोप घ्यायला आपल्या देशात आला होता.

तरी कानचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांना आठवतं ते एकच दृश्य. योकोहामा, ३० जून २००२. विश्वचषकाचा अंतिम सामना संपलाय, ब्राझीलचे खेळाडू नाचताहेत आणि जर्मनीचा कान गोलखांबाला पाठ टेकून एकटाच बसलाय. ते दृश्य समजून घ्यायचं तर आधीचा महिना पाहावा लागतो.

त्या वर्षीचा जर्मन संघ फारसा भरवशाचा नव्हता. पहिल्याच सामन्यात त्यांनी सौदी अरेबियाला ८-० नं धुतलं खरं, पण बाद फेरी सुरू झाल्यावर गोल आटले. पॅराग्वे १-०, अमेरिका १-०, दक्षिण कोरिया १-०. एकेका गोलाच्या पुंजीवर तीन सामने काढायचे, तर मागे पुंजी राखणारा माणूस लागतो. अमेरिकेविरुद्ध तर जर्मनी सपशेल दबली होती. तो सामना कानच्या हातांनी वाचवला. अंतिम फेरीपर्यंत त्याच्यावर एकच गोल झाला होता, तोही आयर्लंडच्या रॉबी कीननं भरपाई वेळेत केलेला.

आणि मग सदुसष्टावं मिनिट. आपल्याच अर्ध्यात जर्मनीच्या हामानच्या पायातून चेंडू गेला, ब्राझीलच्या रोनाल्डोनं तो रिव्हाल्डोकडे सरकवला आणि रिव्हाल्डोनं दुरून जमिनीलगत फटका मारला. फटका जोरदार होता, पण सरळ कानच्या अंगावर आला होता. अशा चेंडूला गोलरक्षकापुढे दोन मार्ग असतात. एक, तो कवेत घेऊन छातीशी आवळायचा. दुसरा, बाजूला, खांबाच्या पलीकडे ढकलायचा. समोर मात्र सोडायचा नाही, कारण समोर आघाडीवीर टपलेला असतो. त्या रात्रीसारखं मैदान ओलं असलं की चेंडू टप्प्यावर घसरून वेग पकडतो, ग्लोव्हजही निसरडे होतात, आणि कवेत घेण्याचा मार्ग धोक्याचा होतो. तरी काननं तोच निवडला. चेंडू सुटला, समोरच पडला आणि रोनाल्डोनं तो जाळ्यात घातला. बारा मिनिटांनी त्यानंच दुसराही केला.

त्याच सामन्यात कानच्या उजव्या हाताच्या अनामिकेचा स्नायुबंध फाटला होता. ती सबब त्याला आयती मिळाली असती. त्यानं ती घेतली नाही. बोटाचा आणि चुकीचा संबंध नाही, असं त्यानं स्वतःच सांगितलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सुवर्णचेंडू त्यालाच मिळाला. पुरुषांच्या विश्वचषकात हा मान मिळालेला गोलरक्षक आजवर तो एकटाच. मला मात्र त्या चेंडूपेक्षा ती न सांगितलेली सबब मोठी वाटते.

चटका बसण्याची त्याला सवय होती. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बार्सिलोनात बायर्न नव्वद मिनिटांपर्यंत १-० नं पुढे होतं. भरपाई वेळेत मँचेस्टर युनायटेडनं दोन गोल करून चषक नेला. दोन वर्षांनी मिलानमधल्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाविरुद्ध निकाल पेनल्टींवर गेला, तेव्हा कानने तीन पेनल्टी अडवल्या. चषक जिंकल्यावर तो रडत असलेल्या कान्यिझारेस या प्रतिस्पर्धी गोलरक्षकाजवळ गेला आणि त्याला सावरलं. खेळताना ओरडणारा, जबडा आवळून धावून जाणारा कान एवढीच ज्यांची आठवण असेल, त्यांनी हा क्षण शोधून पाहावा.

२००६ चा विश्वचषक जर्मनीतच होता. प्रशिक्षक क्लिन्समान यांनी स्पर्धेच्या दोन महिने आधी जाहीर केलं की पहिला गोलरक्षक येन्स लेमान असेल. कान आणि लेमान यांचं वर्षानुवर्षांचं वैर साऱ्या जर्मनीला ठाऊक होतं. कान संघ सोडेल, असं अनेकांना वाटलं. तो राखीव म्हणून बाकावर बसला.

३० जूनला, योकोहामाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, बर्लिनमध्ये अर्जेंटिनाविरुद्धचा उपउपांत्य सामना पेनल्टींवर गेला. लेमान मैदानावर बसला होता. कान बाकावरून उठून त्याच्याकडे गेला, खाली वाकला, हात हातात घेतला, काहीतरी बोलला आणि परत जागेवर आला. लेमाननं दोन पेनल्टी अडवल्या.

त्या वेळी लेमानच्या मोज्यात एक कागद होता. त्याची गोष्ट पुढच्या आठवड्यात.