रोख जामीन : पैसे परत कसे मिळतात?

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्कच असतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 478). अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार उभा करता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे धरून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूदही त्यातच आहे. कोर्टाने परवानगी दिल्यास जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरता येते (कलम 490). ती दंड नव्हे, अनामत असते. पण खटला संपला म्हणून ती आपोआप घरी येत नाही. त्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. सोबत मूळ पावती, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत ठेवावी. आदेश झाला की पुढचे काम कोर्टाच्या नाझर (रोख-हिशेब) विभागाकडे. पावती भावाच्या नावाने फाडली असेल, तर अर्जही त्यानेच करायचा. गडबड बहुतेकदा इथेच होते. अपिलासाठी खटला संपण्याआधीच सहा महिन्यांचा मुचलका घेतला जातो आणि निर्दोष सुटल्यावरही तो लागू राहतो (कलम 481), त्यामुळे थोडे थांबावे लागू शकते. तारखेला गैरहजर राहिल्यास मात्र वॉरंट निघते आणि रक्कम जप्त होऊ शकते. खटला लवकर संपावा म्हणून दिला जाणारा ‘किरकोळ दंड भरून मोकळे व्हा’ हा सल्ला तर वकिलाला विचारल्याशिवाय मानू नका : गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धी, आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती दिसते.