शिंकेमागच्या फटी

पावसाळा सरता सरता केजच्या शिवारात बांधावर, पडीक रानात गाजरगवत पांढरं फुलतं. पुण्यात १९५० च्या दशकात नोंदलं गेलेलं हे परदेशी तण दोन निरनिराळे आजार देतं. कातडी जाड, काळपट करणारी चिवट खाज सावकाश येते. तिच्यात हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाचा वाटा थोडाच. पण फुलोऱ्याचे पराग नाकात जाऊन मिनिटाभरात शिंका सुरू झाल्या, की समजावं, हिस्टामिन सुटलं.

ज्यांच्या शरीरानं या परागांविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं आधीच बनवलेली असतात, त्यांच्या नाकातल्या मास्ट पेशी हिस्टामिनचे साठे रिते करतात. शिंक येते ती चेतातंतू डिवचल्यामुळे. सूज मात्र रक्तवाहिन्यांमुळे येते, आणि खरं नवल तिथंच आहे.

रक्तवाहिनीला आतून पातळ पेशींचं अस्तर असतं; फरशीसारख्या त्या एकमेकींना भिडलेल्या असतात. १९६१ साली माय्नो आणि पॅलाडे यांनी उंदरांना हिस्टामिन टोचून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी फाटल्या नव्हत्या. दोन पेशींच्या मधे ०.१ ते ०.८ मायक्रोमीटरच्या फटी पडल्या होत्या, त्याही केशवाहिन्यांत नव्हे, तर त्यांच्या लगेच पुढच्या बारीक शिरांत! माणसाची तांबडी पेशी सुमारे सात मायक्रोमीटरची. ती सहसा आतच राहते, पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात.

म्हणजे ही इजा नव्हे, पेशींनी स्वतः केलेली हालचाल आहे. हिस्टामिन पेशीवरच्या एच-१ ग्राहीवर बसतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायूंत असतात तसलेच अ‍ॅक्टिन-मायोसिनचे धागे आकसतात आणि शेजारणीला धरून ठेवणारं व्हीई-कॅडहेरिन सैल होतं. जवळच्या धमनिकांतल्या अशाच पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून त्यांना सैलावतात, म्हणून लाली. वर शिरांतल्या पेशी काही मिनिटांत पी-सिलेक्टिन नावाचं चिकट प्रथिन पृष्ठभागावर आणतात आणि वाहत्या पांढऱ्या पेशी तिथं रेंगाळू लागतात. एवढ्याशा रेणूच्या एका स्पर्शात इतकं सगळं!

सेटिरिझिनसारखी गोळी सुटलेलं हिस्टामिन पुसत नाही. ती एच-१ ग्राहीवर आधी जाऊन बसते. म्हणूनच पराग उडण्याआधी घेतली तर ती जास्त उपयोगी पडते. गांधीलमाशी चावून सर्वांगाच्या शिरा एकदम पाझरू लागल्या, रक्तदाब कोसळला, तर मात्र गोळी पुरत नाही. तिथं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं: ते सैलावलेल्या वाहिन्या आवळतं आणि मास्ट पेशींची पुढची उधळणही रोखतं.