दस्तरखानावर त्यांची जागा

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यातल्या अनेक घरांत एकच वाद रंगतो. सत्तरी ओलांडलेले अब्बा किंवा दादी रोजा धरण्याचा हट्ट करतात आणि मुले-सुना गोळ्यांचा डबा पुढे करून त्यांना अडवतात. निर्जळी एकादशीवरून आजीशी होणारा वाद ज्यांच्या घरी झाला आहे, त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही.

धर्माची भूमिका येथे स्पष्ट आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे. वार्धक्यामुळे ज्यांना पुढेही रोजा धरणे शक्य नाही, त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावे. यालाच फिदिया म्हणतात. ज्या मधुमेहींना रोजा धरायचाच आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली, तर रोजा तिथेच सोडावा, असे डॉक्टर सांगतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे.

मग सवलत असूनही वडीलधारी माणसे ती का घेत नाहीत? श्रद्धा हे कारण आहेच. पण आणखी एक कारण घरातच असते. रोजा नसला की सहेरीला त्यांना कोणी उठवत नाही. इफ्तारच्या गडबडीत त्यांचे ताट आधीच खोलीत जाते. ‘तुम्ही आराम करा’ हे प्रेमानेच म्हटलेले असते. पण ऐकणाऱ्याला त्यात ‘आता तुमची गरज नाही’ असे ऐकू येते.

2011 च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले सुमारे 10 कोटी 38 लाख लोक होते. त्यांतले बहुसंख्य घरीच, कुटुंबात राहतात. त्यांचे जगणे कसे आहे, हे औषधे आणि दोन वेळच्या जेवणावरून पुरते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांच्या जीवनमानासाठी खास प्रश्नावली तयार केली आहे. तिच्यात सहा बाबी आहेत : दृष्टी-श्रवणासारख्या इंद्रियांची क्षमता, स्वतः निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य, आयुष्यातल्या कामाचे समाधान, लोकांतला वावर, मृत्यूविषयीची भावना आणि जिव्हाळा.

या गोष्टी घरात आणायला फार पैसा लागत नाही. फिदियाची रक्कम मुलाने मोबाइलवरून परस्पर पाठवून मोकळे होऊ नये. कोणाला जेवू घालायचे, हे दादीलाच ठरवू द्यावे. इफ्तारला खजूर वाटण्याचे काम दादांकडे द्यावे. तरावीहला नातवाने त्यांचा हात धरून मशिदीत न्यावे. खुर्चीवर बसून नमाज पढता येते. कानांनी कमी ऐकू येत असेल तर तपासणी करावी, कारण ऐकू न येणारा माणूस भरल्या घरातही एकटा पडतो. पहाटे वुजूसाठी जाण्याच्या वाटेवर दिवा, भिंतीला धरायला दांडी आणि न घसरणारी चटई असावी. एकदा पडण्याची भीती बसली की माणूस खोलीबाहेर निघेनासा होतो.

मुलांनी आई-वडिलांचा सांभाळ करावा, असे 2007 चा कायदा सांगतो. अडचणीतल्या ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. कायद्याने निर्वाहाचा खर्च मिळवून देता येतो. घरातला मान मात्र घरच्यांनीच द्यायचा असतो. आई-वडिलांशी बोलताना कंटाळ्याचा सूरही उमटू नये, ही कुरआनची शिकवण आहे. तिच्यात त्यांना विचारणे, त्यांचे ऐकणेही आले.

ईदच्या शिरखुर्म्याला यंदा कोणाकोणाला बोलवायचे, ही यादी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला करू द्या. एखादे जुने, विसरलेले नाव त्यांनाच आठवेल.