पोथीची हवा : तंजावरचा सरस्वती महाल आणि वातानुकूलनाचा इतिहास

वातानुकूलनाचा इतिहास बहुधा नामांकित व्यापारी इमारतींच्या आधारे सांगितला जातो. सॅन अँटोनिओ येथील १९२८ ची मिलम बिल्डिंग ही संपूर्ण वातानुकूलित अशी पहिली बहुमजली कार्यालयीन इमारत मानली जाते. मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या रीगल चित्रपटगृहाने थंड हवेलाही तिकिटाच्या आकर्षणाचा भाग केले. या कथनाच्या केंद्रस्थानी माणसाचा आराम आहे. प्रारंभ मात्र निराळा आहे. विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये आखलेली यंत्रणा ब्रुकलिनमधील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यासाठी होती. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि क्रमाने छापले जाणारे रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर राखणे हे त्या यंत्रणेचे उद्दिष्ट होते. ‘एअर कंडिशनिंग’ ही संज्ञाही स्टुअर्ट क्रेमर याने १९०६ मध्ये सूतगिरण्यांच्या संदर्भात योजली. कागद आणि सूत आधी, माणूस नंतर, असा हा क्रम आहे.

हा क्रम ध्यानात घेतला की तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय याच इतिहासाचे, परंतु यंत्रपूर्व, प्रकरण ठरते. नायक राजांच्या ग्रंथसंग्रहावर भोसले घराण्याने उभारलेले आणि दुसऱ्या सरफोजीने (कारकीर्द १७९८–१८३२) विशेष वाढविलेले हे ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले. त्यातील तमिळ ग्रंथ मुख्यतः ताडपत्रांवर, मराठी ग्रंथ मुख्यतः कागदावर, तर संस्कृत ग्रंथ दोहोंवर आहेत. सरफोजीने काशीयात्रेत मिळविलेल्या पोथ्या उत्तरेच्या हवेतून कावेरीच्या मुखप्रदेशात आल्या. येथे उन्हाळा तीव्र, आणि मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा.

राजवाड्याच्या विटा-चुन्याच्या जाड भिंती उष्णता सावकाश आत घेतात, सावकाश सोडतात. दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार त्यामुळे सौम्य होतो. आर्द्रता मात्र भिंत अडवीत नाही. उत्तर हिंदुस्थानातील वाळ्याचे ओले पडदे कोरड्या झळांवर उत्तम उपाय असले, तरी दमट प्रदेशात ते फारसे उपयोगी नाहीत. (या गवताला इंग्रजी व फ्रेंच भाषांत मिळालेले नाव तमिळमधील ‘वेट्टिवेर’पासून आले, हे तौलनिक अभ्यासकाला रुचेल.) खोलीची हवा बदलता येत नव्हती, म्हणून बदलली गेली ती बासनातील हवा.

ताडाची किंवा श्रीतालाची पाने उकळून, वाळवून, घोटून घेतली जात. लोखंडी लेखणीने कोरलेल्या अक्षरांत काजळी भरली जाई. पाने ठिसूळ होऊ नयेत आणि कीड लागू नये म्हणून त्यांना गवती चहाच्या जातीच्या तृणांचे तेल लावीत. लाकडी फळ्यांत दाबून दोरीने बांधलेली पोथी कापडात गुंडाळली की आतली हवा बाहेरच्या हवेहून संथपणे बदलते. तिच्याजवळ ठेवायच्या पुरचुंडीत वेखंड, काळे जिरे, दालचिनी, मिरे, लवंग यांची भुकटी आणि कापूर असे. तान्ह्या मुलाला उगाळून चाटविले जाणारे वेखंड पोथीच्याही संगोपनास यावे, यात नवल नाही. त्याचे ‘वचा’ हे संस्कृत नाव वाणीशीच नाते सांगते.

तरीही हे उपाय कालहरणाचेच होते. जीर्ण पोथीची नवी प्रत करणे हाच अखेरचा उपाय, आणि प्रत कशाची करायची हा निर्णय नेहमी कोणाच्या तरी रुचीचा, आश्रयाचा वा विधीच्या गरजेचा असे. जैसलमेरच्या कोरड्या हवेत अकराव्या-बाराव्या शतकांतील ताडपत्रे आजवर टिकली. कावेरीकाठच्या कितीतरी प्राचीन संहिता केवळ अलीकडच्या प्रतींतूनच हाती येतात. उपलब्ध प्रतीच्या वयावरून परंपरेच्या वयाचे अनुमान करणाऱ्या तौलनिक विवेचनात हा हवामानाचा भेद पुष्कळदा निसटतो. दक्षिणेत जे उरले ते वारंवार निवडले गेलेले आहे. वाळवंटात न निवडलेलेही उरू शकते. शहाजीच्या ‘पंचभाषाविलास’सारखे बहुभाषिक नाटक आपल्यापर्यंत पोहोचले, यामागे दरबारी जतनाचा वाटा मोठा आहे. त्याच सरफोजीने १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापनीतीचे मराठी रूप ‘बाळबोध मुक्तावली’ छापविले. नक्कल काळाशी पिढीगणिक झुंजते. छपाई एकाच वेळी अनेक प्रती ठिकठिकाणी पाठवून हवेचा धोका विभागून टाकते.

आता यंत्र उपलब्ध आहे म्हणून प्रश्न सुटला, असे मानणे घाईचे होईल. सुमारे ६५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो. उलट फार कोरड्या हवेत ताडपत्र तडकते. कार्यालयीन वेळेत चालणारे आणि रात्री बंद होणारे यंत्र तर अधिकच घातक, कारण गार झालेल्या पोथीवर रात्रीची दमट हवा येऊन आर्द्रतेचा चढउतार रोजचा होतो. चित्रपटगृहाला खेळापुरता गारवा पुरतो; पोथीला सातत्य हवे असते. ज्या ग्रंथालयात चोवीस तास विजेची हमी नाही, तेथे जाड भिंत, घट्ट बासन, नियमित उलथापालथ आणि सुकी पुरचुंडी ही व्यवस्था अर्धवेळ यंत्राहून भरवशाची ठरते. मोडी कागदांच्या रुमालांबाबत तर ही दक्षता विशेष हवी: त्यांतील बहुतेक मजकुराची दुसरी प्रत कोणी कधी केलेली नाही, आणि ताडपत्राप्रमाणे तेल लावून कागद वाचविता येत नाही.